मेणबत्तीचं बटण

...नाही गं, आजारपणाचं आधी नको लिहूस, ते शेवटी येईल. आधी त्याच्या कामाचं लिही. तुझ्या नानाआजोबांचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं काम काय होतं, ते घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलं की त्याची बायको म्हणायची, "मशीनची आया आहेत हे. रोज सकाळी जाऊन त्याचं तोंड पुसतात." लोक हसायचे, नानाही हसायचा. ती थट्टेने बोलायची, पण अगदी खरं तेच बोलायची, आणि ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तो दुकानात लागला तेव्हा दुकान एकच होतं, घरातल्या वस्तूंचं. कपबश्या, ताटं, चादरी, उश्या, बादल्या, पडदे. नानाचं काम खोकी बांधायचं. त्याने मारलेली सुतळीची गाठ कात्रीशिवाय सुटायची नाही म्हणे. मालक तेव्हा तरुण, स्वतः गल्ल्यावर बसायचा. मग दुसरं दुकान झालं, पाचवं झालं, आणि एक दिवस मालकाने कॉम्प्युटर आणून ठेवला. आठवडाभर त्याच्यावर चादर घालून ठेवली होती, हात लावायला कुणी धजेना. नानाने त्याच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घरी आणलं. जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवायचा, पानांना आमटीचे डाग. वर्षभर डोकं घालून त्याने सगळ्या दुकानांतला माल त्या मशीनमध्ये बसवला. कुठे किती चादरी, कुठे किती बादल्या, सगळं एका जागी दिसायला लागलं. मालक पाहुण्यांना आणून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, माणूस लागत नाही. मशीन सगळं करतं."

आता हे नीट लिही, पुढचं सगळं यावर आहे. नानाच्या त्या बसवण्यात एक खोट राहिली. सहा कपांचा संच आला की मशीन त्याला एक वस्तू धरायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, मला दोनच कप द्या. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आलेलं माणूस रिकाम्या हाताने जाता कामा नये असा मालकाचा दंडक होता. संच फोडायचे, कप सुटे द्यायचे, पण मशीनला सुटा कप कळायचाच नाही. मग गल्ल्यावरच्या मुलींनी युक्ती काढली. सबंध दुकानात मेणबत्ती ही एकच वस्तू अशी होती की जिची किंमत हाताने टाकता यायची, कारण मेणबत्त्या लहानमोठ्या सतरा आकारांच्या यायच्या. तर सुटं काहीही विकलं, कप म्हणा, बशी म्हणा, उशीचा एकच अभ्रा म्हणा, की मेणबत्तीचं बटण दाबायचं, किंमत टाकायची, आणि खरं काय विकलं ते चिठ्ठीवर लिहायचं. दुकान बंद करताना सगळ्या चिठ्ठ्या नानाला पाठवायच्या. पुढे पुढे फोनवर फोटो काढून पाठवायला लागल्या. नाना सकाळी सहाला ऑफिसात जाऊन बसायचा. साडेआठला दुकानं उघडायच्या आत मशीनमधल्या मेणबत्त्या काढायचा आणि त्यांच्या जागी कप, बश्या, अभ्रे भरायचा. मग मशीन शहाण्यासारखं बोलायला लागायचं.

सुरुवातीला त्याला वाटलं होतं, दोन-तीन महिने असं करू, मग सवड काढून मुळातूनच दुरुस्त करू. ती सवड बावीस वर्षं मिळाली नाही. पाच दुकानांची अठरा झाली. त्याला कधी ताप आला तरी तो सहाला जायचा. बायको म्हणायची, "एक दिवस नाही गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?" तो म्हणायचा, "थोडंसं." मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गल्ल्यावरच्या मुलींना वाटायचं, मालकाला ठाऊक आहे. आणि नानाने दोघांनाही आपापल्या समजुतीत राहू दिलं. का, तर खोट त्याच्या हातची होती. आणि खरं सांगू का, आपल्यावाचून अडतं हे त्याला आवडायचंही.

मग मालकाने परदेशात दुकानं काढायचं ठरवलं. एकदम सहा. तिथला एक भागीदार मिळाला, बोलणी झाली, आणि त्या भागीदाराने अट घातली की एवढा पसारा सांभाळायला कॉम्प्युटरचा एक मोठा अधिकारी नेमा, चार देशांतलं काम पाहिलेला. त्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. मालकाच्या खालोखाल त्याचीच खुर्ची, एवढं धर.

घरी ही बातमी आली आणि नानाच्या बायकोच्या अंगात जसं वारंच भरलं. "आता तरी तोंड उघडा. बावीस वर्षं त्या मशीनची उष्टी काढली, खुर्ची दुसऱ्याला का?" नाना म्हणाला, "मागून मिळते का खुर्ची? मालकाला दिसतंय की सगळं." ती म्हणाली, "त्यांना चष्मा बदलायला सांगा." तोंडाने तो नाही-नाही म्हणत होता, पण त्या आठवड्यात त्याने दोन नवे शर्ट शिवायला टाकले. मला म्हणाला, "ताई, कॉलर जरा कडक पाहिजे, नाही का?" मी काय समजायचं ते समजले.

मालकाने बोलावलं तेव्हा तो नवा शर्ट घालून गेला. मालक म्हणाला, "नाना, माणसं शोधून देणारी एक कंपनी लावलीय. तिघंजण येणार आहेत. तुम्ही मुलाखतीला आत बसा. कोण थापा मारतंय ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?" नाना उभाच होता. त्याने विचारलं, "आतल्यांपैकी कुणाचा विचार नाही का मालक?" मालकाला खरंच कळलं नाही. म्हणाला, "आत आहे कोण?" मग काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण त्याने नानाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तर आहातच की." म्हणजे भिंत आहे, जिना आहे, तसे तुम्ही आहात.

घरी येऊन त्याने शर्ट घडी करून कपाटात ठेवला.  एरवी बोलणारी बायको गप्प बसली की घर किती मोठं वाटतं ते त्या दिवशी कळलं, असं तो मला पुढे म्हणाला.

मुलाखतींची खोली लांबट, मध्ये काचेचं टेबल. एका बाजूला मालक, माणसं शोधून देणाऱ्या कंपनीचा टायवाला गृहस्थ, आणि टोकाला नाना, हातात वही. पहिला आला त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. गोल, बाण, त्रिकोण. तासभर बोलला आणि दुकान हा शब्द एकदाही आला नाही. दुसऱ्याने विचारलं की गाडी ड्रायव्हरसकट का? टायवाला हळूच म्हणाला, "माणूस वजनदार आहे." मालक म्हणाला, "गाडी मोठी लागेल मग."

तिसरी एक बाई होती. चाळिशीची, उंच, केसांवर सरकवलेला चष्मा, आणि बूट चालून चालून झिजलेले. ती बसल्या बसल्या म्हणाली, "माझ्या वडिलांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. मी गल्ल्यामागे बसून अभ्यास केलाय. मला आधी मीच एक विचारू का? सकाळी दुकानं उघडायच्या आधी इथे काय होतं?"

मालक म्हणाला, "झाडू मारतात."

ती हसली. "ते झालंच. पण मी चार कंपन्या पाहिल्यात. प्रत्येक ठिकाणी मशीनच्या मागे एक माणूस असतो. मशीनला जे येत नाही ते तो हाताने करतो, आणि त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. तो इथे कोण आहे? नवी दुकानं काढायच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय."

नानाच्या हातातलं पेन थांबलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं बोट ठेवलं होतं, तेही अजून नोकरीला न लागलेल्या बाईने. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात मालक मोठ्याने हसला. "आमच्याकडे तसलं काही नाही. मशीनच सगळं करतं. नाना तेवढे धूळ पुसतात. काय नाना?"

टायवाला बघत होता. ती बघत होती. भागीदाराला पाठवलेल्या कागदांत मालकाने हेच छातीठोकपणे लिहिलेलं होतं, आणि नानानेच ते वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं. आणि सांगायचं तरी काय? की मालक ज्याला पाहुण्यांपुढे मिरवतो त्या मशीनला मी बावीस वर्षं ठिगळं लावतोय, आणि फाडलंही मीच? नाना म्हणाला, "हाताने काही नाही मॅडम."

तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला. वहीत लिहूनही घेतलं.

तिघं गेल्यावर मालकाने विचारलं, "बोला नाना, कोण?" नाना म्हणाला, "ती बाई." मालक म्हणाला, "बाईमाणसाला झेपेल का हे सगळं?" नाना म्हणाला, "तिघांत काम येणारी ती एकटीच आहे." एवढं मात्र तो खरं बोलला. त्यात त्याचा काही कावा नव्हता, हे मी त्याच्या वतीने सांगते, कारण पुढे त्याच्या बायकोलाही वाटलं की त्याने ठरवून खड्डा खणला. तसं नव्हतं. त्याला ती आवडली होती, मुलीसारखी.

ती आली. तिच्या नवऱ्याने स्वतःची चांगली नोकरी सोडली तिच्यासाठी, सात वर्षांची मुलगी शाळा बदलून आली. पहिल्याच दिवशी मोठ्या केबिनमध्ये न बसता तिने आपली खुर्ची उचलली आणि नानाच्या खोलीत आणून ठेवली. म्हणाली, "नाना, मला इथलं काही कळत नाही असं समजून शिकवा." एवढ्या हुद्द्याची बाई, पण चहा आणला की दोन कप आणायची. नानाला दुपारची गोळी घ्यायची असायची, ती आठवण करायची. आणि सकाळी मात्र ती नऊला यायची, कारण मुलीला शाळेत सोडायचं असायचं. त्यामुळे सहा ते साडेआठ नानाचं नानाकडे राहिलं.

दोन महिन्यांनी तिने एक कागद त्याच्यासमोर ठेवला. "नाना, हे मला उलगडत नाहीये. दुकानं बंद होतात तेव्हा मालाचे आकडे चुकलेले असतात. सकाळी साडेआठला तेच आकडे बरोबर असतात. मधल्या वेळात काय होतं?"

बघ, कुठपर्यंत पोचली होती ती. एक पाऊल राहिलं होतं.

 नानाच्या तोंडून आलं, "लांबच्या दुकानांचे आकडे यायला वेळ लागतो मॅडम. सकाळपर्यंत येऊन पोचतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं झालं तुम्हाला विचारलं. मी दोन रात्री डोकं फोडत होते," ती म्हणाली, आणि कागद फाडून टोपलीत टाकला.

परदेशातली दुकानं सुरू व्हायच्या आधी तिथल्या नव्या मुलींना गल्ला शिकवायला इथून एक अनुभवी बाई पाठवली. गल्ल्यावरची ताई म्हणायचे तिला, अठरा वर्षांची नोकरी. तिने तिथे काय शिकवलं असेल? जे स्वतः करत आली तेच. सुटं विकलं की मेणबत्तीचं बटण दाबा, चिठ्ठी लिहा. पहिल्याच आठवड्यात तिचा नानाला फोन आला, "नाना, इथल्या चिठ्ठ्या तुम्हालाच पाठवू ना? ढीग झालाय. ही माणसं सगळं सुटंच घेतात, एक ताट, एक वाटी. एकेकटी राहतात बिचारी."

आता घोडं कुठे अडलं ते बघ. तिथली दुकानं बंद व्हायची तेव्हा आपल्याकडे भर दुपार. आणि नव्या दुकानांसाठी मॅडमने नवी व्यवस्था लावली होती. दुकान बंद झालं की कुणालाही न विचारता मशीन स्वतःच बघायचं, काय खपलं, आणि तेवढा माल कारखान्यांना मागवायचं. इकडे अजून माणसं बघून मागवायची, तिकडे मशीनच. म्हणजे मेणबत्त्या काढून कप भरायचे तर दुपारीच, आणि तेही घटकाभरात. दुपारी मॅडम शेजारच्या खुर्चीवर. तिच्या डोळ्यांदेखत कसं करणार?

नाना त्या गल्ल्यावरच्या ताईला म्हणाला, "चिठ्ठ्या सध्या तुझ्याकडेच ठेव. मी सांगतो." ताईने विचारलं, "मॅडमना माहितीय ना?" तो म्हणाला, "हो, माहितीय."

त्याला वाटलं, होऊन होऊन काय होईल, चार पेट्या मेणबत्त्या जास्तीच्या येतील. मॅडम सुट्टीवर गेली की एका दमात निस्तरू. पण मॅडम सुट्टीवर गेली नाही. आणि मशीन वेडं नव्हतं, आज्ञाधारक होतं. त्याला दिसत होतं की सहाही दुकानांत मेणबत्त्यांवर लोकांच्या उड्या पडताहेत आणि कपबश्यांना कुणी हात लावत नाही. ते मेणबत्त्या मागवत गेलं. जेवढ्या यायच्या त्याच्या दुप्पट मागवायचं. कप, ताटं, अभ्रे मागवायचं त्याने बंद केलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत माल जहाजावर चढलेला होता, एक नव्हे, पाच कंटेनर.

गल्ल्यावरच्या ताईने फोनवर सांगितलं ते ऐकून नानाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. दुकानात शिरायला वाट नाही. मांडण्यांवर मेणबत्त्या, जिन्यावर मेणबत्त्या, मागच्या बाजूला फुटपाथपर्यंत खोकी. आणि कप मागायला आलेलं माणूस रिकाम्या हाताने परत. तिथल्या लोकांनी फोटो काढून सगळीकडे पाठवले, खाली लिहिलं, वीज गेली तर इथे या. मालक विमानाने गेला आणि आठ दिवसांत काळवंडलेलं तोंड घेऊन परत आला. भागीदाराने हात काढून घेतला होता. सहापैकी सहा दुकानांना कुलपं.

ऑफिसात सगळ्यांना त्याच काचेच्या टेबलाभोवती बसवलं. मालकाचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. तो म्हणाला, "मशीन बावीस वर्षं नीट चाललं. तुम्ही हात लावलात आणि हे झालं."

ती म्हणाली, "मला एक महिना द्या. तिकडे जाऊन गल्ल्यावर उभी राहते. हा आकडा कुठून तरी येतोय. मशीन आपल्या मनाने मेणबत्त्या मागत नाही."

"महिना कशाला? कुठे उभ्या राहणार, दुकानं बंद आहेत."

तेव्हा ती नानाकडे वळली. सगळ्यांसमोर. "नाना, तुम्हाला काही सुचतंय का? काहीही?"

नाना म्हणायचा, त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर संशय असता तर बरं झालं असतं. संशय नव्हता. बुडणारं माणूस काठाकडे बघतं तशी ती बघत होती. आणि हा काठावर उभा. तो म्हणाला, "नाही मॅडम."

तिने त्याच दिवशी खोकं भरलं. मुलीचं एक चित्र, कप, एक पाण्याची बाटली. नानाला जाताना म्हणाली, "गोळी विसरू नका." नाना खोकं दारापर्यंत उचलून न्यायला उठला, तर ती नको म्हणाली.

महिनाभराने मालकाने नानाला बोलावलं. "आता बाहेरचं माणूस नको. तोंड पोळलं. नाना, तुम्हीच बसा त्या खुर्चीवर."

आणि तो बसला. लिही तू, हात का थांबला? बसला तो. बायकोने घरी गोडधोड केलं. शेजाऱ्यांना सांगितलं, "उशीर झाला पण न्याय झाला." नाना ताट सारून उठला. त्याच्या मुलीला वाटलं पोट बिघडलंय. तिने लिंबाचं सरबत करून दिलं, तर ते त्याने पाठ वळवून खिडकीबाहेर ओतलं.

हे इथवर असतं तरी मी म्हटलं असतं, भ्याला बिचारा, माणूस आहे. पण पुढचं माझ्याच्यानेही माफ होत नाही, आणि तो माझ्या पाठचा भाऊ आहे. मोठ्या हुद्द्याचं माणूस नेमताना नवी कंपनी जुन्या कंपनीला फोन करून विचारते, ही कशी होती म्हणून. तो फोन कुणाकडे येणार? त्या खुर्चीवर जो बसलेला असेल त्याच्याकडे. पहिला फोन आला तेव्हा समोरचा गृहस्थ म्हणाला, "आम्हाला बाई पसंत आहे. फक्त तो मेणबत्त्यांचा प्रकार... त्यात चूक तिचीच होती का?"

एक शब्द पुरला असता. नाही, एवढाच.

नाना म्हणाला, "त्याबद्दल मला बोलता येणार नाही."

समोरचा म्हणाला, "समजलो." काय समजला ते नानाला फोन ठेवायच्या आतच कळलं.

असे तीन फोन आले दोन वर्षांत. तिन्ही वेळा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी तर मनाशी ठरवून बसला होता म्हणे, या वेळी सांगायचंच. तरी तोंडून आलं तेच. चौथा फोन आला नाही. त्यानंतर कुणी विचारायचंच बंद केलं.

नाना निवृत्त झाला. मग छातीचं दुखणं मागे लागलं. एक दिवस मी त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीच्या आधी एका खिडकीवर नाव लिहून नंबर घ्यायचा होता. लांबलचक रांग, पंख्याचा नुसता आवाज. आमची पाळी आली आणि खिडकीतली बाई त्याच्याकडे बघून उठून उभी राहिली. केसांवर चष्मा. मला काय ठाऊक कोण ते. नानाने माझा दंड घट्ट धरला.

"नाना? बसा, आधी बसा तिथे. मी नंबर आणून देते," ती म्हणाली. रांगेतला एकजण कुरकुरला, "आम्ही काय उन्हं खायला उभे आहोत?" तिने त्याला हात जोडले. मग पाणी घेऊन बाहेर आली. माझी चौकशी केली. मुलगी नववीत आहे म्हणाली. नवऱ्याला परत तशी नोकरी मिळाली नाही, तो शिकवण्या घेतो. सगळं असं सांगत होती जसं दुसऱ्या कुणाचं. आणि परत खिडकीकडे जायला वळली, थांबली, आणि विचारलं, "नाना, नंतर कधी कळलं का हो, तो आकडा कुठून येत होता? माझ्या डोक्यातून जात नाही. मी अजून कागदावर मांडून बघते कधीकधी. माझं कुठे चुकलं तेच सापडत नाही."

नानाने मान खाली घातली.  तिला वाटलं दुखतंय, तिने डॉक्टरला हाक मारली.

घरी येऊन त्याने मला हे सगळं सांगितलं, आत्ता जे तू लिहिलंस ते. चार दिवस सांगत होता, तुकड्या तुकड्याने. मी शेंगा सोलत ऐकत होते. ऐकून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "उठ. चपला घाल." मी कधी त्याच्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला असता.

आधी आम्ही मालकाकडे गेलो. मालकही म्हातारा झालाय. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटून. मग म्हणाला, "नाना, आता ते कशाला उकरता? माझं गेलं ते काय परत येणार आहे? आणि लोकांना काय सांगू, बावीस वर्षं मला माझंच दुकान माहीत नव्हतं? घरी जा. प्रकृती सांभाळा." मी म्हटलं, "मालक, त्या बाईच्या नावाला लागलेलं तेवढं पुसा. एक कागद द्या." तो म्हणाला, "ताई, तुम्हाला यातलं कळत नाही." मला न कळण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग दवाखान्यात गेलो, तर खिडकीत दुसरीच मुलगी. ती बाई नोकरी सोडून गेली, कुठल्या गावी ते सांगून गेली नाही म्हणाली. घराचा पत्ता काढला, तिथे दुसरे भाडेकरू. गल्ल्यावरच्या ताईला सगळं सांगून विचारलं. ती बिचारी डोक्याला हात लावून खाली बसली. "तुम्ही तर मला म्हणाला होतात, मॅडमना माहितीय." दोन महिने शोधत होतो आम्ही. मग नानाला बाहेर पडवेना. शेवटी शेवटी दारावर कुणी टकटक केली की उशीवरून मान उचलून बघायचा. ती नसायची. गेला तो, याला आता तीन महिने होतील. शांतपणे गेला असं सगळे म्हणतात. मी उशाशी होते, मी तसं म्हणणार नाही.

तर आता हे जो कुणी वाचेल त्याला माझं सांगणं आहे. तुमच्या बघण्यात अशी एखादी बाई असेल, उंच, केसांवर चष्मा ठेवणारी, वडिलांचं खिळ्यांचं दुकान असलेली, जिची मुलगी आता दहावी-अकरावीत असेल, तर तिला एवढं सांगा. म्हणावं, तुझं काही चुकलं नव्हतं. सुटा माल मेणबत्तीच्या नावावर विकायचे, आणि नानाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कागद मांडणं बंद कर. आणि तिला कुठे कामावर घ्यायचं चाललं असेल, आणि कुणी तिच्याबद्दल विचारत असेल, तर त्यांनाही हेच सांगा, हा कागद दाखवा, आणि म्हणावं, त्याच्या थोरल्या बहिणीने सांगितलंय. पत्ता खाली लिही गं आपला, फोन नंबरही लिही. कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर मी घरीच असते.